मागून घेतलेली कथा

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत लंडनमधल्या एका मराठी घरी आरतीला गेले होते. आरती झाली, प्रसाद झाला, बटाट्याच्या भाजीवरून गप्पा सुरू झाल्या. एका काकूंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "अगं, म्हणजे तुम्ही ख्रिश्चन? मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं?"

हा प्रश्न मला नवा नाही. पुण्यात हॉस्टेलवर ऐकला आहे, मुंबईत भाड्याची खोली शोधताना ऐकला आहे. त्यात वाईट हेतू नसतो, म्हणूनच त्याचं उत्तर देणं कठीण जातं. मी नेहमीप्रमाणे हसले आणि म्हणाले, "आमच्या घरी मराठीच बोलतात, काकू." पण घरी परतताना ट्रेनमध्ये मनात आलं, की हे उत्तर अर्धवट आहे. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका गावात पेटीवर टिळकांची पदं म्हणायची. ज्या मराठीत ती देवाशी बोलायची ती तिला कुणीतरी दिलेली होती, आणि त्या कुणीतरीला ती आणखी कुणाकडून मिळालेली होती. ही साखळी चारशे वर्षांची आहे, आणि तिच्या काही कड्या चक्क इंग्लंडमध्ये आहेत. काकूंना तेव्हा सांगता आलं नाही, ते इथे सांगते आहे.

विल्टशायरचा मुलगा

लंडनहून पश्चिमेला रेल्वेने निघालात की तासाभरात स्विंडन लागतं. त्याच्या नैर्ऋत्येला बुशटन नावाचं छोटं खेडं आहे. 1549 च्या सुमारास तिथे एका व्यापाऱ्याच्या घरी थॉमस स्टीफन्स जन्मला. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक असणं धोक्याचं होतं. हा तरुण देश सोडून रोमला गेला, 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाला आणि 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेल्या जहाजातून 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे 1619 मध्ये मरेपर्यंत, तो तिथेच राहिला. बहुतेक काळ साष्टीत गेला. आपल्यासारखाच परदेशी जाऊन राहिलेला माणूस, फक्त प्रवास उलट्या दिशेने झालेला. त्यालाही घरी पत्रं लिहायची सवय होती. वडिलांना लिहिलेल्या पत्रात समुद्रप्रवासाचं वर्णन आहे. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळणारी आहे. विल्यम जोन्सने संस्कृतबद्दल हेच कलकत्त्यात म्हटलं ते दोनशे वर्षांनी.

पण त्याच 1583 मध्ये साष्टीत आणखी एक गोष्ट घडली. जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्या सोबत्यांना ठार मारलं. साष्टीतली देवळं सोळा वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी पाडली होती आणि आता गावात चर्चसाठी जागा शोधायला हे लोक आले होते. मृतदेह परत आणण्याच्या कामात स्टीफन्स होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. 'ख्रिस्तपुराणा'बद्दल बोलताना आपण बहुधा फक्त मराठीची स्तुती करणाऱ्या गोड ओव्या आठवतो. त्या ओव्या ज्या जमिनीवर लिहिल्या गेल्या तिथे 1560 पासून इन्क्विझिशन होतं, देवळं पाडलेली होती आणि लोकांच्या जुन्या पोथ्या बाळगणं हा गुन्हा होता.

हे स्टीफन्सने लपवलेलं नाही, ही मला त्याच्या ग्रंथातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पहिल्याच अध्यायात (तो त्याला 'अवस्वरु' म्हणतो) एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चाललेलं असताना एक ब्राह्मण श्रोता पाद्री गुरूला म्हणतो: तुमची शिकवण चांगली आहे, पण आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत. मग आम्ही काय वाचायचं, वेळ कसा घालवायचा? तसंच काही नवं आम्हाला का करून देत नाही? या मागणीला उत्तर म्हणून पुढचं सगळं पुराण येतं, अकरा हजारांच्या जवळपास ओव्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र.

हा प्रसंग घडला तसाच लिहिला की पुराणाच्या परंपरेप्रमाणे रचला, याने फारसा फरक पडत नाही. महत्त्वाचं हे, की लेखकाने आपल्या ग्रंथाचं कारण म्हणून श्रोत्याची तक्रार नोंदवली. ज्या माणसाची पोथी काढून घेतली गेली तो इथे बोलतो, आणि बोलतो ते नम्रपणे, पण स्पष्ट. पुढेही श्रोते मध्येच थांबवतात, शंका काढतात, आणि गुरूला उत्तर द्यावं लागतं. आपल्या पुराणांत आणि कीर्तनांत वक्ता-श्रोत्याचं हेच नातं असतं. युरोपातल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातही प्रश्नोत्तरं असतात, पण तिथे प्रश्न शिक्षकाचा असतो आणि उत्तर मुलांनी पाठ करायचं असतं. स्टीफन्सने तसंही एक पुस्तक कोकणीत लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये रायतूरला छापलं गेलं. पुराणात मात्र त्याने प्रश्न विचारण्याचा हक्क श्रोत्याकडे जाऊ दिला.

मग प्रश्न येतो भाषेचा. साष्टीतले लोक घरी कोकणी बोलत. स्टीफन्सला ती उत्तम येत होती. तिचं व्याकरणही त्याने लिहिलं, ते 1640 मध्ये छापलं गेलं. तरी पुराण मराठीत का? कारण बोली कोकणी असली तरी पोथी मराठी होती. देवाची गोष्ट ज्या आवाजात ऐकायची सवय होती तो आवाज ओवीचा होता. म्हणून त्याने मराठी घेतली आणि सगळ्यांना कळावं म्हणून अवघड जुने शब्द टाळून त्यात तिथल्या बोलीतले शब्द मिसळले. हे तो प्रस्तावनेत स्वतःच सांगतो.

आणि इथेच धर्मशास्त्राचा अवघड भाग सुरू होतो. स्वर्गाला काय म्हणायचं? स्टीफन्सने 'वैकुंठ' हा शब्द घेतला. वैकुंठ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात विष्णूचं घर उभं राहणार, शंख-चक्र येणार, सुटकेची एक जुनी आशा जागी होणार. त्या घरात त्याने दुसरा मालक बसवला. त्याच्या दृष्टीने हे सत्य पोचवण्याचं साधन होतं. पण शब्द रिकामं भांडं नसतो, आधीच्या पदार्थाचा वास त्याला असतो. पोथी ऐकणारी बाई त्या वैकुंठात नेमकं कोणाला बघत होती, हे कुठल्याही पाद्रीला तपासता येणं शक्य नव्हतं. श्रोत्याचं सगळं काढून घेतलं तरी त्याच्या कानाचा हा कोपरा त्याच्याकडेच राहतो.

पोथी कोणी वाचवली

'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. स्टीफन्सला देवनागरी हवी होती. 1608 च्या एका पत्रात त्याने रोमला कळवलं होतं की इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी द्या. जोडाक्षरांमुळे हे खिळे सहाशेच्या घरात जात होते आणि ते काम झालं नाही. पुढे 1649 आणि 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका असं फर्मान काढलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत सापडत नाही.

मग आपल्याला हा ग्रंथ मिळाला कुठून? गोवा सोडून गेलेल्यांकडून. दुष्काळ, कर, इन्क्विझिशन, लढाया अशा कारणांनी अनेक ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेला कानडा मुलखात गेली, मंगळूरच्या परिसरात वसली. जाताना त्यांनी या पुराणाच्या हाती लिहिलेल्या प्रती नेल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांतून 'ख्रिस्तपुराण' गायलं गेलं. त्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. देवनागरीत ते वाचकांच्या हाती आलं 1956 मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुणे आवृत्तीमुळे.

या कुटुंबांकडे जरा नीट पाहा. घरी कोकणी बोलणारी, बाजारात तुळू आणि कन्नड बोलणारी, रोमन लिपीत लिहिणारी माणसं, आणि ती दोनशेहून अधिक वर्षं एक मराठी पुराण गात राहिली. त्यांना कुणी 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं' असं विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं? बहुधा 'हे आमचं पुराण आहे' एवढंच. मुलांना रविवारच्या मराठी शाळेत ओढत नेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उदाहरण धीर देणारं आहे. भाषा घरातून गेली तरी एखाद्या गाण्यात, एखाद्या पोथीत ती तग धरू शकते, जर ते गाणं लोकांना खरोखर हवं असेल तर.

दुसरी एक प्रत इथे लंडनमध्येच आहे. विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्या अभ्यासकाच्या संग्रहात ती इकडे आली आणि आज 'सोअस'च्या, म्हणजे स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजच्या ग्रंथालयात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट, ज्यांनी आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेली, त्यांनी 1920 च्या दशकात तिच्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. ही प्रत देवनागरीत आहे. मंगळूरच्या पाठात जिथे पोर्तुगीज वळणाचे धार्मिक शब्द आहेत तिथे या प्रतीत अनेकदा संस्कृत शब्द आहेत. हा बदल स्टीफन्सचा की नंतरच्या कुणाचा, यावर अभ्यासक भांडत आले आहेत. मी जेव्हा ही पोथी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भांडण विसरले आणि फक्त अक्षर बघत बसले. ज्याला खिळे पाडायची परवानगी हवी होती त्याचं पुराण या ओल्या, राखाडी शहरात देवनागरीत माझ्यासमोर होतं.

पुराणिकाची मुलगी

बुशटनपासून फार लांब नाही, स्विंडनच्या पलीकडे पूर्वेला, वाँटेज हे गाव आहे. तिथल्या सेंट मेरीच्या मठात 29 सप्टेंबर 1883 रोजी पंचवीस वर्षांच्या एका मराठी विधवेचा बाप्तिस्मा झाला. ती पंडिता रमाबाई. एका मुलखातून एक इंग्रज बाहेर पडून मराठीत पुराण लिहितो, आणि तीनशे वर्षांनी त्याच मुलखात येऊन एक मराठी बाई ख्रिस्ती होते. हा योगायोगच आहे, पण मला तो आवडतो. मात्र या दोघांची तुलना केली की वरवरचं साम्य संपतं आणि खरा प्रश्न समोर येतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. रमाबाई लहानपणापासून हेच करत मोठ्या झाल्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण, तिघंही गेली. पुराण सांगण्याचा धंदा आतून कसा चालतो हे त्यांनी नंतर आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे. लोक ऐकायला येत ते पुण्यासाठी. संस्कृतचा अर्थ बहुतेकांना कळत नसे, आणि कळावा अशी गरजही कुणाला वाटत नसे. शब्द कानावर पडला की झालं.

म्हणजे ज्या साच्यात स्टीफन्सने मोठ्या प्रेमाने ख्रिस्ताला बसवलं, त्या साच्यात रमाबाई उपाशी राहिल्या होत्या. त्यामुळे बायबल मराठीत आणायची वेळ आली तेव्हा त्यांनी उलटा रस्ता धरला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं, तेही साध्या, बायकांच्या तोंडच्या मराठीत. जड संस्कृत शब्द, ज्यांच्या मागे सगळी वेदान्ताची चर्चा उभी असते, ते त्या शक्यतो टाळत. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकाच करत. शेवटची मुद्रितं तपासून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. मुक्तीतल्या बायकांत दुष्काळातून आलेल्या होत्या, बालविधवा होत्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या होत्या. त्यांनी नुसतं ऐकून पुण्य मिळवू नये, कळून घ्यावं, हा तो हट्ट होता.

पण म्हणून रमाबाईंनी संस्कृत टाकून दिलं असं नाही. वाँटेजच्या दिवसांतली त्यांची पत्रं वाचण्यासारखी आहेत. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा सतत वाद चाले. त्रिएकत्वाचा सिद्धांत मला जसाच्या तसा मान्य करता येत नाही, मी बायबल वाचेन आणि मला जे दिसेल ते मानेन, असं त्या सांगत. अंड्याचं पुडिंग त्या खात नसत, त्यावरूनही बोलणं व्हायचं. आणि एकदा क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत या कल्पनेवर त्यांनी थेट विचारलं, की आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असं अधिक पवित्र काय आहे? ज्या देशाने आपल्या देशावर राज्य केलं त्याच्या मठात राहून, त्यांचंच अन्न खाऊन, एक पंचविशीची बाई हे विचारते. साष्टीतल्या त्या ब्राह्मण श्रोत्याला शंका विचारता आली तरी नकार द्यायला जागा नव्हती. रमाबाईंनी ती जागा स्वतः तयार केली. त्या ख्रिस्ताच्या शिष्या झाल्या, पण कुणाच्या सांगण्यावरून काय मानायचं हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला ठरवू दिलं नाही.

न ऐकणारी श्रोती

माझ्या आजीपर्यंत जी मराठी आली ती मात्र तिसऱ्या वाटेने. नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी कुणाला न सांगता.

यापुढची गोष्ट आपण बहुतेकांनी 'स्मृतिचित्रे'त वाचली आहे. नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी आल्यावर लक्ष्मीबाईंची झालेली अवस्था, पंढरपुरात मुलाला घेऊन काढलेली वर्षं, मग टिळकांकडे परत येणं पण वेगळी चूल, वेगळं पाणी. मी हे पुस्तक शाळेत असताना विनोदासाठी वाचलं होतं. आता वाचते तेव्हा दिसतं की मराठीतलं हे धर्मशास्त्रावरचंही एक मोठं पुस्तक आहे, कारण त्यात एक न ऐकणारी श्रोती आहे. टिळक मोठे वक्ते, कवी, वादपटू. पण बायकोला त्यांनी वादात जिंकलं नाही. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न लक्ष्मीबाईंनी एकटीने, आपल्या मनाशी विचार करून सोडवला: जात देवाने केली की माणसांनी? त्याचं उत्तर मिळालं तशा त्या कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोवर पाच वर्षं गेली होती. ही पाच वर्षं त्यांची स्वतःची होती.

टिळकांचं सांगणं असायचं की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो. त्यांची पदं वाचताना हे अक्षरशः खरं वाटतं. ख्रिस्ताला ते 'माउली' म्हणतात. वारकऱ्यांचा विठोबा माउली, ज्ञानोबा माउली, तशी ही आणखी एक माउली. युरोपच्या चर्चमध्ये देव बाप होता, राजा होता, न्यायाधीश होता. नगरच्या चर्चमध्ये टाळ-पेटीवर तो आई झाला, आणि त्यासाठी कुठल्याही धर्मसभेला ठराव करावा लागला नाही. आजी जेव्हा गुडघ्यावर हात ठेवून 'माउली' म्हणायची तेव्हा तिला आपण काही नवं धर्मशास्त्र मांडतो आहोत असं वाटत नसे. तिला ते तिच्या आईकडून आलेलं होतं.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं. दहाएक अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. 1936 मध्ये त्या वारल्या, आणि 'ख्रिस्तायन' 1938 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली, जिने नवऱ्याचा ख्रिस्त पाच वर्षं दारात उभा ठेवला, तिनेच त्याची गोष्ट ओवीत पुढे नेली.

गिरगावातला अंधार

आता या साखळीतली एक कडी, जी ख्रिस्ती नाही. 1910 च्या नाताळात गिरगावातल्या अमेरिका-इंडिया सिनेमॅटोग्राफमध्ये 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट लागला होता. प्रेक्षकांत त्र्यंबकेश्वरचे, चाळिशीतले, धंद्यात फसलेले एक गृहस्थ होते: धुंडिराज गोविंद फाळके. काही चरित्रकार हा प्रसंग 1911 च्या ईस्टरचा सांगतात, पण फाळक्यांनी 1917 मध्ये 'नवयुग' मासिकात स्वतः लिहिलं ते 1910 च्या नाताळाचं. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि त्यांच्या मनासमोर कृष्ण आणि राम दिसत होते, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. आपल्या देवांची अशी चित्रं आपल्याला कधी बघायला मिळतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले.

1912 मध्ये ते लंडनला आले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, कॅमेरा विकत घेऊन परतले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्ण जन्म'. रामाची आकृती पडद्यावर आली की प्रेक्षक हात जोडत, असं सांगतात.

स्टीफन्सने आपल्या पुराणाच्या साच्यात ख्रिस्त ओतला होता. फाळक्यांनी तीनशे वर्षांनी बरोबर उलटं केलं: ख्रिस्ताच्या चित्रपटाचा साचा घेतला आणि त्यात पुराण ओतलं. पण माझ्या दृष्टीने दोन्ही प्रसंगांतला महत्त्वाचा माणूस तोच आहे, समोर बसून ऐकणारा, पाहणारा. साष्टीतल्या श्रोत्याला आपली पोथी परत हवी होती आणि त्याला दुसऱ्याची मिळाली. गिरगावातल्या प्रेक्षकाला दुसऱ्याची कथा दाखवली गेली आणि त्याला आपली आठवली. त्या अंधारात फाळके ख्रिस्तावर रागावले नाहीत, ख्रिस्ती झाले नाहीत, उठून गेले नाहीत. त्यांनी त्या चित्रपटाला एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर स्वतः तयार केलं. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे स्वातंत्र्य असतं. पोथ्या जप्त झालेल्या माणसाला ते नसतं.

काकूंसाठी

माझ्या संशोधनाबद्दल बोलताना लोक मला दोन प्रकारे थांबवतात. काही म्हणतात, 'ख्रिस्तपुराण' म्हणजे धर्मांतराचं हत्यार, त्याचं कौतुक कशाला? काही म्हणतात, किती सुंदर समन्वय, तो कुंकळ्ळीचा विषय आता कशाला? मला दोन्ही बाजूंना एकच सांगायचं असतं: त्या पहिल्या अवस्वरात तक्रार करणाऱ्या माणसाला विसरू नका. त्याची पोथी गेली होती, हे खरं. त्याने गप्प न बसता नवी मागितली, हेही खरं. ती नवी पोथी त्याच्या पोरांनी, नातवंडांनी इतकी आपली केली की देश सोडतानाही टाकली नाही. यातलं एक खरं वगळलं की त्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

रमाबाईंनी पुराणाचा साचा नाकारला, टिळकांनी अभंगाचा स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी आधी दोन्ही दूर ठेवले आणि मग ओवी हातात घेतली. तिघांनी तीन निर्णय घेतले आणि तिघांचं मराठी अस्सल आहे. माझ्या आजीच्या पेटीवर हे सगळं थोडं थोडं आलं होतं. वैकुंठातलं तिला काही माहीत नव्हतं, माउली माहीत होती. दुपारी ती रेडिओवर तुकोबाही तितक्याच तन्मयतेने ऐकायची, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नसे.

या नाताळात त्या काकूंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी कुणाकडून तरी मिळवला होता. इकडची-तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं. मुलीने सांगितलं मला नंतर. पण तू कसलीशी पोथी वाचतेस म्हणे, ओव्यांची? मी रोज ज्ञानेश्वरी वाचते. मला जमेल का ती?"

मी म्हटलं, जमेल. भाषा तुम्हाला माझ्यापेक्षा सोपी जाईल. पुढच्या महिन्यात बंडेलूंची प्रत घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. पहिला अवस्वरु त्यांनी मोठ्याने वाचायचा, असं ठरलं आहे. शंका आली की थांबवायचं, हेही.